भुताचं जिंजरब्रेड घर घरच्या घरी: पीठ मळण्यापासून खिडकीत दिवा लागेपर्यंत

पहिल्या वर्षी मी संध्याकाळी पाचला भिंती जोडल्या, सातला छप्पर ठेवलं आणि साडेसातला छपराच्या दोन्ही फळ्या हळूहळू सरकत खाली आल्या, एक भिंत पण सोबत घेऊन. मुलगी रडायला लागली, मलाही खूप वाईट वाटलं कारण दोन दिवसांची मेहनत होती. तेव्हापासून दर ऑक्टोबरला हे जिंजरब्रेडचं, म्हणजे सुंठ-दालचिनीच्या कडक बिस्किटाचं घर करतेय आणि एक गोष्ट पक्की कळलीय. हॅलोविनचं घर दिसायला पडकं, कुबट, भुताटकीचं असलं पाहिजे, पण ते पडकं दिसणं सगळं सजावटीतून आणायचं. भिंती मात्र सरळ, कडक आणि पूर्ण वाळलेल्या हव्यात. आणि वाळायला वेळ लागतो, तिथे घाई चालत नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, इथे सप्टेंबर संपत आला की दुकानात रेडीमेड किट येतात. वेळ नसेल तर जरूर घ्या, पण त्यातल्या फळ्यांना चव फारशी नसते आणि आयसिंग नेहमी कमी पडतं. घरी केलं की सुंठ-दालचिनीचा जो वास घरभर फिरतो तो किटमध्ये नाही मिळत. जिंजरब्रेड घर म्हटलं की लोकांना ख्रिसमस आठवतो, पण मला ते हॅलोविनलाच जास्त शोभतं असं मनापासून वाटतं, कारण हॅन्सेल आणि ग्रेटेलची जी जर्मन गोष्ट ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापली त्यातलं खायचं घर चेटकिणीचंच होतं. त्यात भिंती ब्रेडच्या, छप्पर केकचं आणि खिडक्या साखरेच्या आहेत. साखरेच्या खिडक्या आपणही करणार आहोत.

आधी दिवस ठरवून घ्या

चार दिवस धरा, पण रोज फार तर दीड-दोन तास. पहिल्या दिवशी कागदाचे साचे आणि पीठ, आणि त्याच दिवशी भाजणं. दुसऱ्या दिवशी फळ्या आडव्या असतानाच त्यांच्यावर नक्षी आणि संध्याकाळी भिंती उभ्या करणं. तिसऱ्या दिवशी छप्पर. चौथ्या दिवशी अंगण, भुतं, कोळ्याची जाळी वगैरे. ३१ ऑक्टोबरला घर तयार हवं असेल तर २६-२७ ला सुरू करा म्हणजे एखादा दिवस हाताशी राहतो. आणि दिवाळी जवळ आली असेल तर अजून आधी. २०२४ ला नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती, सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी मुलं चेटकिणीची टोपी घालून कँडी मागायला बाहेर, त्या वर्षी मी घर २५ लाच पूर्ण करून ठेवलं होतं आणि ते छान टिकलं.

साचे

सिरीयलच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, साधा कागद पिठावर सुरकुततो. मापं ही घ्या:

समोरची आणि मागची भिंत: रुंदी १५ सेंमी, दोन्ही बाजूंची उंची १२ सेंमी, मधलं टोक तळापासून २२ सेंमी.
बाजूच्या दोन भिंती: लांबी १८, उंची १२ सेंमी.
छपराच्या दोन फळ्या: २२ बाय १४ सेंमी.

छपराचं माप कसं आलं ते समजून घ्या म्हणजे तुम्हाला घर लहान-मोठं करता येईल. त्रिकोणाची अर्धी रुंदी साडेसात आणि उंची १०, म्हणजे शाळेतल्या पायथागोरसने उतार बरोबर साडेबारा सेंमी. त्यात दीड सेंमी बाहेर येणारी वळचण, झाले १४. लांबीत १८ ची भिंत, पुढच्या-मागच्या भिंतींची जाडी आणि दोन्हीकडे थोडं थोडं बाहेर, म्हणून २२.

समोरच्या भिंतीत ५ बाय ८ चं दार, वर त्रिकोणात ३ सेंमीची गोल खिडकी. बाजूच्या भिंतींत प्रत्येकी दोन खिडक्या, साधारण ४ बाय ५. खिडकी आणि भिंतीची कड यात किमान अडीच सेंमी अंतर ठेवा, नाहीतर उचलताना तिथेच तुटतं. मागच्या भिंतीत खाली ६ बाय ६ चं भोक ठेवायचंच, आत दिवा सरकवायला. हे विसरलात तर नंतर काहीच करता येत नाही.

आता सगळे पुठ्ठे सेलोटेपने जोडून एकदा घर उभं करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे पण माप चुकलं असेल तर इथेच कळतं, पीठ भाजल्यावर कळून उपयोग नाही. बाजूच्या भिंती पुढच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्ये बसतात, बाहेरून नाही, हेही इथेच बघून ठेवा.

पीठ

हे घर बांधायचं पीठ आहे, मऊ कुकीचं नाही, त्यामुळे यात बेकिंग सोडा किंवा बेकिंग पावडर अजिबात घालायची नाही. ती घातली की फळ्या फुगतात, कडा गोल होतात आणि जोड नीट बसत नाहीत. अंडंही नाही लागत.

मैदा ६९० ग्रॅम, ब्लॅक कोको ६० ग्रॅम, बटर २०० ग्रॅम, ब्राऊन शुगर २०० ग्रॅम, मोलॅसिस १ कप म्हणजे साधारण ३३० ग्रॅम, सुंठ पावडर १ टेबलस्पून, दालचिनी पावडर १ टेबलस्पून, लवंग पावडर १ टीस्पून, थोडं जायफळ, मीठ १ टीस्पून, आणि लागेल तसं ३-४ चमचे पाणी.

ब्लॅक कोकोमुळे घर जवळजवळ काळं होतं आणि भुताचं घर म्हणून वेगळा रंग घालावा लागत नाही. तो नसेल तर साधा कोको घाला, गडद तपकिरी रंग येईल, तोही छान दिसतो. मोलॅसिस घेताना ब्लॅकस्ट्रॅप लिहिलेलं घेऊ नका, ते कडवट असतं. आणि भारतात करत असाल तर मोलॅसिस शोधत फिरायची गरजच नाही, काकवी घ्या. काकवीची चव जरा सौम्य आणि गोड असते, रंग कोकोने येतोच, आणि काकवी-सुंठ ही जोडी आपल्या जिभेला तशीही ओळखीची आहे. काकवी फार पातळ असेल तर पाणी घालू नका.

बटर, ब्राऊन शुगर आणि मोलॅसिस एका पातेल्यात मंद आचेवर फक्त विरघळेपर्यंत गरम करा, उकळी नको. कोमट झालं की मैदा, कोको, मसाले, मीठ एकत्र चाळून त्यात घाला, आधी चमच्याने आणि मग हाताने मळा. पुरीच्या कणकेसारखं घट्ट पण गुळगुळीत पीठ व्हायला हवं. झाकून तासभर ओट्यावरच ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलं तर दगडासारखं होतं आणि लाटताना चिरतं, तसं झालं तर मायक्रोवेव्हमध्ये १० सेकंद देऊन परत मळा. मुलं मधे मधे पीठ तोंडात टाकतात, अंडं नसलं तरी कच्चा मैदा खाऊ देऊ नका, कच्च्या पिठातून पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात.

लाटणं आणि भाजणं

पार्चमेंट पेपरवरच लाटा आणि पेपरसकट ट्रेमध्ये ठेवा. पोळपाटावर लाटून उचललं की फळी ताणली जाते आणि चौकोनाचा भलताच आकार होतो. जाडी सगळीकडे सारखी यायला एक सोपी युक्ती आहे, पिठाच्या दोन्ही बाजूंना एकेक पेन्सिल ठेवा आणि लाटणं पेन्सिलींवरून फिरवा, साधारण ६-७ मिलिमीटर जाडी येते, तेवढीच हवी. साचा ठेवून पिझ्झा कटरने कापा, उरलेलं पीठ बाजूने ओढून काढा, फळी हलवू नका. करंजीचं कातणं असेल तर त्याने खिडक्यांच्या झडपा कापा, नागमोडी कड फार सुंदर दिसते.

सगळ्या फळ्यांना मिळून साधारण सव्वा किलो पीठ लागतं, उरलेल्यात दार, झडपा, चिमणी, थडगी, एखादं वाळकं झाड आणि वटवाघळं करा. थडगी जास्तीची करा, ती मुलांच्या खाण्यात जातात.

१७५ सेल्सिअस म्हणजे ३५० फॅरनहाइटला मोठ्या फळ्या १५ ते १८ मिनिटं, छोटे तुकडे ८-१० मिनिटं. छोटे आणि मोठे एकाच ट्रेमध्ये ठेवू नका. काळ्या पिठात भाजल्याचा रंग दिसत नाही, ही एक खरी अडचण आहे, त्यामुळे कडेला बोटाने हलकं दाबून बघायचं, कड कडक आणि मधे किंचित दबतंय अशी अवस्था आली की बाहेर काढा. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ट्रे बाहेर आल्या आल्या फळी गरम असतानाच साचा परत वर ठेवून पसरलेल्या कडा सुरीने सरळ कापा. दोन-तीन मिनिटंच मिळतात, थंड झाल्यावर कापायला गेलात तर तुटेल. मी साचा आणि सुरी आधीच हाताशी ठेवते आणि त्या पाच मिनिटांत कोणाचाही फोन उचलत नाही.

थंड झाल्यावर फळी उचलून बघा, वाकत असेल तर ९५ सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये अजून अर्धा-पाऊण तास वाळवा. मुंबईत, कोकणात, गोव्यात ऑक्टोबरची दमट हवा असते तिथे हे करायलाच हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी फळ्या सादळलेल्या बिस्किटासारख्या मऊ पडतात.

साखरेच्या खिडक्या

पिवळ्या आणि केशरी रंगाच्या कडक पारदर्शक गोळ्या घ्या, जॉली रँचर किंवा तशाच कुठल्याही. पिशवीत घालून लाटण्याने बारीक कुटा. भाजलेली भिंत सिलिकॉन मॅटवर किंवा नव्या पार्चमेंटवर ठेवा, खिडकीच्या भोकात चुरा भरा, अगदी काठोकाठ, आणि परत ओव्हनमध्ये ४-५ मिनिटं. समोर उभं राहून बघत रहा, साखर वितळून सपाट झाली की लगेच काढा, जास्त झालं तर बुडबुडे येतात आणि रंग करपतो. बाहेर काढल्यावर एखादा बुडबुडा दिसला तर टूथपिकने फोडा. पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नका, मुलांना तर अजिबात नाही, वितळलेल्या साखरेचा चटका फार वाईट असतो. दमट हवेत या काचा दोन दिवसांत चिकट होऊन ओघळतात, तिथे खिडक्या उघड्याच ठेवा आणि वर आयसिंगने गज काढा, तेही भुताटकीचं दिसतं.

रॉयल आयसिंग

हेच आपलं सिमेंट. आयसिंग शुगर ९०० ग्रॅम, मेरिंग पावडर ६ टेबलस्पून, कोमट पाणी १० टेबलस्पूनच्या आसपास. दोन वेळा अर्धं अर्धं करा, पहिलं जोडायला, दुसरं सजावटीला. भांडं आणि बीटर आधी व्हिनेगरने पुसून घ्या, तुपा-बटरचा अंश राहिला की आयसिंग फेटलंच जात नाही. ७ ते १० मिनिटं फेटा, बीटर उचलल्यावर टोक ताठ उभं राहिलं पाहिजे. वाकलं तर अजून साखर घाला. भांड्यावर कायम ओलं फडकं झाकून ठेवा, उघडं राहिलं की पाच मिनिटांत वर पापडी धरते आणि ती आयसिंग भरायच्या कोनात, म्हणजे पायपिंग बॅगेत अडकते.

मेरिंग पावडरमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो. ज्यांच्याकडे अंडं चालत नाही त्यांनी बिनमिठाच्या छोल्यांच्या डब्यातलं पाणी वापरा, ४५० ग्रॅम साखरेला ५-६ टेबलस्पून, आणि चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर. छोल्यांचा वास येत नाही, काळजी करू नका, फक्त वाळायला जास्त वेळ लागतो. शाकाहारी घरांसाठी अजून एक, मार्शमॅलोत आणि बहुतेक कँडी कॉर्नमध्ये (मक्याच्या दाण्याच्या आकाराच्या गोड गोळ्या) जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात, पाकिटामागची यादी वाचून घ्या. जिलेटिन नसलेले मार्शमॅलो मिळतात.

रंग जेलचाच घ्या, पाण्यासारखा पातळ रंग आयसिंग पातळ करतो. काळं आयसिंग हवं असेल तर आधी दोन-तीन चमचे चाळलेला कोको घालून तपकिरी करा, मग काळा जेल घाला आणि झाकून काही तास ठेवा, रंग आपोआप गडद होत जातो. सुरुवातीला राखाडी दिसतंय म्हणून रंग ओतत बसलात तर कडू होईल.

नक्षी आधी, उभारणी नंतर

भिंती आडव्या असतानाच जेवढी नक्षी करता येईल तेवढी करा. ज्यांना मेंदी काढता येते त्यांचा हात इथे फार छान चालतो, पायपिंग बॅग धरायची आणि दाबायची पद्धत अगदी मेंदीच्या कोनासारखी आहे. कोळ्याचं जाळं काढायचं तर आयसिंग थोडं पाणी घालून सैल करा, काळ्या ओल्या थरावर पांढरी एकात एक वर्तुळं काढा आणि लगेच टूथपिक मधून बाहेर ओढत न्या. वाळलेल्यावर ओढलं तर होत नाही. पार्चमेंटवर पांढरी छोटी भुतं काढून रात्रभर वाळवा, सकाळी सुटून येतात.

दोन तास वाळू द्या. मग पाया. ३५ बाय ३५ सेंमीचा जाड पुठ्ठा किंवा लाकडी फळी, वर फॉइल. पायावर आयसिंगची जाड रेघ ओढून समोरची भिंत आणि एक बाजूची भिंत काटकोनात उभी करा, आत-बाहेर राजम्याचे नाहीतर छोल्यांचे भरलेले डबे टेकू म्हणून लावा. दहा मिनिटं थांबा. मग दुसरी बाजू, मग मागची भिंत. आतून प्रत्येक कोपऱ्यात भरपूर आयसिंग भरून बोटाने दाबा, आतलं कोणाला दिसत नाही त्यामुळे तिथे कंजुषी करू नका. फळीची कड वाकडी असेल तर बारीक किसणीने घासून सरळ होते.

आता डबे तसेच ठेवून रात्रभर विसरून जा. पाकिटावर एक तास लिहिलं असेल, तरी रात्रभर. माझं छप्पर घसरलं ते ह्याच पायरीला, भिंतीच्या जोडातलं आयसिंग आतून अजून ओलं होतं आणि उतारावरचं वजन सगळं भिंतींना बाहेर ढकलतं.

सकाळी बाहेरचे डबे काढा, आतलेही काढा, कारण छप्पर बसल्यावर ते निघणार नाहीत. एक छपराची फळी बसवा, वळचणीखाली उंचीला बरोबर असे कप किंवा डबे ठेवा म्हणजे ती खाली सरकणार नाही. मग दुसरी, आणि वरच्या जोडावर आयसिंगची जाड रेघ. पाच मिनिटं हाताने धरून ठेवा, हे काम मोठ्या मुलांना द्या, त्यांना ते फार जबाबदारीचं वाटतं. चार तास टेकू काढू नका.

आता घर पडकं करा

इथे मनसोक्त वेळ घालवा. दार अर्धवट उघडं चिकटवा, झडप एका कोपऱ्यावर लटकती ठेवा, चिमणी जरा तिरकी. कुठे तडा गेला असेल तर काळ्या आयसिंगने तो अजून वाढवा. कौलांसाठी चॉकलेट वेफर किंवा बदामाचे काप घ्या, खालच्या ओळीपासून सुरुवात करून वर जायचं, म्हणजे वरची ओळ खालच्यावर येते, आणि मधेच दोन-चार कौलं गाळा, पडल्यासारखी खाली अंगणात टाका. छपरावर जड कँडी भरू नका, वजनाने वाकतं. कँडी कॉर्न अमेरिकेत १८८० च्या दशकापासून आहे आणि हॅलोविन त्याशिवाय होत नाही, पण मी ते फक्त कडेला दातांसारखं लावते.

अंगणात ओरिओचा चुरा म्हणजे माती, प्रेट्झेलच्या काड्यांचं मोडकं कुंपण, केशरी भोपळ्याच्या कँड्या, थडगी. सुक्या खोबऱ्याच्या किसाला हिरवा रंग चोळून भिंतीच्या पायाशी लावलं की हुबेहूब शेवाळ. आमच्याकडे अंगणाचं काम पूर्ण मुलांचं असतं, त्यांना किल्ला करायची सवय आहे त्यामुळे वाट कुठून जाणार, विहीर कुठे, पहारेकरी भूत कुठे उभं राहणार यावर तासभर चर्चा होते आणि मी त्यात बोलत नाही. भारतात करत असाल तर बोर्बन बिस्किटांची दारं-कौलं आणि जेम्सच्या गोळ्या मस्त चालतात.

सगळ्यात शेवटी जाळी. ५-६ मार्शमॅलो मायक्रोवेव्हमध्ये २०-३० सेकंद, चमच्याने ढवळा, मिनिटभर थांबा, मग चिमटीत घेऊन दोन्ही हातांत ताणा आणि ते तार चिमणीपासून कुंपणापर्यंत गुंडाळत जा. जेवढं अस्ताव्यस्त तेवढं खरं दिसतं. हे आधी केलं तर नंतर कुठेच हात लावता येत नाही, म्हणून शेवटी.

आत बॅटरीवरचा एलईडी टी-लाइटच ठेवा. मेणबत्ती नको, साखरेच्या खिडक्या उष्णतेने मऊ होतात आणि पुठ्ठ्याचा पाया पेटू शकतो.

ठेवायची जागा कोरडी हवी, गॅस आणि कुकरपासून लांब, उन्हात नको कारण जांभळा रंग लवकर उडतो. मुंग्यांसाठी आईची जुनी पद्धत, मोठ्या परातीत पाणी, मधे उलटी वाटी आणि त्यावर पाया. हवा दमट असेल तर रात्री वरून मोठी प्लास्टिकची पिशवी सैल झाका. आठवड्यापेक्षा जास्त उघडं राहिलेलं घर आम्ही खात नाही, धूळ बसते. खायची थडगी आणि वटवाघळं पहिल्या दिवसापासून वेगळ्या हवाबंद डब्यात असतात आणि १ नोव्हेंबरला सकाळी ती दुधात बुडवून संपवली जातात. मग मुलगी दिवा काढून घेते आणि धाकटा बत्ता घेऊन चिमणीपासून फोडायला सुरुवात करतो.